आतला बांबू आधी

पारूवहिनीचं नाव आधी लिहितो, मग झालं ते. पारूवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, काशाची बायको. त्या दुपारी डोंगरावर जेवढी माणसं होती ती सगळी पळाली, ही एकटी थांबली. सोमीबायचं फुटलेलं डोकं तिनं आपल्या लुगड्याच्या धांदोटीनं आवळून बांधलं, तिला पाठुंगळी घेऊन चिखलातनं रस्त्यापर्यंत उतरली आणि साखरशेत गावाकडनं येणाऱ्या जीपच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. जीपवाला रक्त बघून नको नको म्हणत होता. हिनं दरवाजाची दांडी सोडली नाही. जीप जव्हारकडं निघाल्यावर तिनं मला फोन लावला, काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं आणि फोन सोमीबायच्या कानाला धरून म्हणाली, ‘‘बोला भावजी, ऐकते ती अजून.’’

मी तेव्हा कर्नाटकात, हुबळीच्या पुढं एका बांबूच्या मळ्यात उभा होतो. हातात टेप, समोर पंधरा तोडकरी.  मी विचारलं, ‘‘जेवलीस का, बय?’’ डोकं फुटलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का... पण लांब राहणाऱ्या माणसाच्या तोंडात फोनवर दुसरं काही येतच नाही. ती जे बोलली ते पुढं लिहितो. जव्हारच्या दवाखान्यात त्यांनी करायचं ते सगळं केलं आणि नाशिकला न्यायला सांगितलं. मोखाडा मागं पडून घाट लागला आणि ती गाडीतच गेली. तेव्हाही तिचं डोकं पारूवहिनीच्याच मांडीवर होतं.

याला पाच आठवडे झाले. आता वाघबारस, दिवाळीला लागून येणारी बारस, तोंडावर आली आहे. आमच्या डोंगराला वाघबारशीला बांबू खुला होतो. पावसाळाभर बेटांत कोयता न्यायचा नाही, कारण तेव्हा नवे कोंब जमिनीतनं वर येत असतात. वाघबारशीला वाघदेवापुढं कोयते ठेवायचे आणि मग राखणारी दाखवील ती काठी पहिली तोडायची. सोमीबायनं ती काठी चाळीसेक वर्षं दाखवली. डोंगराच्या त्या अंगाला अकरा बेटं होती, त्यांतली सात राहिलीत. यंदा दाखवणारं कुणी उभं नसलं तर ती सातही दिवाळी सरायच्या आत बोडकी होतील. मला इथं बसूनही ते दिसतं. झोप लागत नाही ती त्यामुळं.

सोमीबाय वरच्या पाड्याची. त्यांची भाताची खाचरं, नाचणीची वरकस जमीन, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. आम्ही खालच्या वाडीचे. आमच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती, मजुरी मिळाली तर चूल पेटायची. मी सातवीतनं शाळा सोडली, वीटभट्ट्यांवर राबलो, आणि लग्न करून वाडीवर परत आलो तेव्हा हातात एकच कसब होतं, सुपं-टोपल्या विणायचं. भादव्यात जव्हारच्या एका दुकानदारानं गौरीसाठी सुपं मागितली. सुपाला कोवळी काठी लागते, जून काठीची पट्टी वळवली की पिचते. प्रत्येक घराला वर्षाला एक कोवळी काठी सोमीबाय स्वतः निवडून द्यायची, पण ती वाघबारशीनंतर. माझी बायको सुनी पोटुशी होती. मला वाटलं, चार काठ्या... अकरा बेटांत चार काठ्या कुणाला दिसतात?

पाऊस झिमझिमत होता. मी बेटाच्या कडेची चौथी काठी ओढून काढत होतो आणि मागनं कमरेत लाथ बसली. तोंडावर चिखलात पडलो. वळून बघितलं तर सोमीबाय. डोक्यावर इरलं, कमरेची कोयता अडकवायची आकडी रिकामी, कोयता हातात. मी हात वर केला. गयावया करायला की अडवायला, ते आजही सांगता येणार नाही. तिनं कोयत्याची पाठ घातली. मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मी ओरडत असतानाच बरगडीत आणखी दोन बसल्या.  माझा आवाज बसला तेव्हा ती उकिडवी बसली, मोडका हात उचलून बघितला, जसं काही बाजारात काकडी बघावी, आणि म्हणाली, ‘‘हात मी मोडला, बांधीन पण मीच. उद्या येते. तवर हलवू नको.’’

मला वाटलं, बोलायची रीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच डोंगर उतरून वाडीवर आली. वरच्या पाड्याची बाई आमच्या वाडीत कुणाच्या दारात बसलेली मी तोवर बघितली नव्हती. सगळी वाडी गोळा झाली. माझ्या आईनं तिला शिव्या घालायला सुरुवात केली ती संपेना. म्हणाली, मोडणारी तूच नि जोडणारी पण तूच, मंग आमच्या देवानं नुसते नारळच फोडून घ्यायचे का? लोक हसले. सोमीबायनं सगळं ऐकून घेतलं, प्यायला पाणी मागितलं, हाडजोडीची वेल दगडावर ठेचली आणि माझ्या हाताला कामट्या बांधायला घेतल्या. कामट्या तिनं मी तोडलेल्या त्याच बांबूच्या तासून आणल्या होत्या. हाड ओढून जागेवर बसवताना मी तिच्या खांद्याला चावलो. तिनं खांदा काढून घेतला नाही.

मग दर तिसऱ्या दिवशी ती यायची. सोडायची, बघायची, परत बांधायची, जाताना नाचणीची भाकर ठेवून जायची. काशा मला चिडवायचा, काय रं, म्हातारीनं मोडला का जोडला, का आता घरजावई करून घेते? पण त्या दीड महिन्यात आमच्या दारात बसून ती जे बोलली त्यावरच मी आज पोट भरतो. मी तिला एकदा विचारलं, एवढा राग होता तर मग बांधायला कशाला येतेस? ती गाठ आवळत म्हणाली, ‘‘मारंल त्यानं बांधायचं. बांधायला जायचं नसलं तं मारायचा हक नाय.’’ तिच्या सासऱ्याची ती शिकवण. राखणारा माणूस हात उगारणार, मोडणार, हे सगळ्यांनी धरूनच चालायचं. पण दुसरा दिवस उजाडला की राखणाऱ्यानं मार खाल्लेल्याच्या दारात स्वतः चालत जायचं. बोलावणं धाडायचं नाही. त्यानं शिव्या दिल्या तर ऐकायच्या.

हात बरा झाल्यावर वाघबारशीला तिनं मला बेटात नेलं. बांबूचं बेट आतनं बाहेर वाढतं. जुनी काठी मधोमध, नवी कडेला. तोडणारा माणूस कडेला उभा असतो, त्याच्या हाताशी नवीच काठी येते. आत शिरायचं तर काटेरी फांद्या अंग सोलतात, कधी साप असतो, कोयता फिरवायला जागा नसते. म्हणून सगळे कडेची तोडतात. मग मधली म्हातारी काठी तिथंच वाळते, एकमेकींत अडकते, नव्याला वाट राहत नाही, आणि पाच-सात वर्षांत बेट गुदमरून मरतं. सोमीबाय म्हणायची, आतला आधी. सरपटत जा, रक्त निघू दे, पण आतला. आणि तोडायचा तो जमिनीलगत, पहिल्या पेराच्या वर. उंच खुंट ठेवलास तर पुढच्या वर्षी तूच त्यावर पोट फाडून घेशील. तिचं बोलणं एवढंच. पण मी बाहेर आलो तेव्हा अंगाला सदरा उरला नव्हता, आणि ती समाधानानं हसत होती. त्या वर्षी खालच्या वाडीच्या प्रत्येक घराला आतल्या जून काठ्या मिळाल्या, घरांचे कूड घातले गेले, आणि प्रत्येक घराची एक कोवळी काठीही.

ती अशी का झाली हे मला तिच्या दिराकडनं कळलं. ती लग्न होऊन आली त्या सुमारास समोरच्या डोंगराची बेटं एका ठेकेदारानं कडेकडेनं साफ केली. पाड्यानंच तोडून दिली, मजुरी मिळत होती. बेटं मेली, मुळं कुजली, आणि काही वर्षांनी एका श्रावणात तो डोंगर दुपारच्या वेळी खाली बसला. तिचा सासरा बांधावर होता. त्याला काढला तेव्हा तोंडात, नाकात, डोळ्यांत माती भरली होती. सोमीबायनं ती बोटानं काढून त्याला आंघोळ घातली. तेरावं झाल्यावर तिनं त्याचा कोयता आकडीला लावला आणि या अंगाच्या बेटांत जाऊन बसली. पहिल्या वर्षी तिला तिघांनी मारलं, एकानं केस धरून फरफटत नेलं. दुसऱ्या वर्षी तिनं दोघांना मारलं. तिसऱ्या वर्षापासून लोक विचारून तोडायला लागले.

आता काळूबद्दल. काळू तिचा भाचा, भावाचा मुलगा. आई बाळंतपणात गेली म्हणून आत्यानंच वाढवला. तिच्या पाठीवर तो असायचा आणि हातात कोयता, असं वरच्या पाड्याची माणसं अजून सांगतात. त्याचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात मांडवाला हिरव्या काठ्या हव्या होत्या. सोमीबायनं त्याला आतल्या काठ्या दाखवून दिल्या. पण त्या वाकड्या, डागाळलेल्या. सासरची माणसं बघणार, म्हणून त्यानं कडेच्या सात सरळ काठ्या आणल्या. मांडव उभा राहिला, पाहुणे येऊन बसले, आणि सोमीबाय बेटांकडनं आली ती सरळ मांडवात. नवरदेवाचा उजवा हात तिनं मांडवाच्याच खांबावर दाबून धरला आणि कोयत्याची पाठ चार वेळा मारली. सासऱ्यादेखत. होणाऱ्या बायकोदेखत. हळद लागलेल्या बोटांतनं रक्त आलं. त्या हळदीचा वास माझ्या नाकातनं जात नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दारात गेली नाही. त्याचं नि तिचं घर समोरासमोर, मधे नुसतं अंगण. मी वाट बघत होतो, सगळा पाडा बघत होता. तिनं कामट्या तासून ठेवल्या होत्या, वेल आणून ठेवली होती. पण म्हणाली, घरचाच हाये, मी उचलून वाढवला, यायचा असंल तं येईल. वाडीवरच्या परक्या माणसासाठी डोंगर उतरणारी बाई स्वतःचं अंगण ओलांडायला तयार झाली नाही. चौथ्या दिवशी तिनं मला म्हटलं, जा, त्याला सांग, ये म्हणावं. मी गेलो. काळू भिंतीला टेकून बसला होता, हात सुजून दुधीभोपळ्यासारखा झाला होता. तो मला म्हणाला, ‘‘तुझ्या दारात आली ना ती? मंग माझ्या दारात यायला पाय मोडले का तिचे? तिला सांग, मी आज दिवसभर हितं बसतो.’’

हे मी तिला सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, सुनीलाही नाही. मी तिला भीत होतो. असं काही ऐकून ती काय करील ते मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं. मी जाऊन म्हटलं, बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला कर्नाटकाची गाडी धरायची होती, बायकोपोरं घेऊन, नव्या कामावर. मी गेलो... काळूनं दिवसभर वाट बघितली असणार. मग तो नाशिकला गेला, तोवर हाड वाकडं धरलं होतं. उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. नांगर धरता येईना, लावणी येईना. असल्या हाताला एकच काम मिळालं, ठेकेदारासाठी मजूर गोळा करायचं.

इथल्या मळ्यावर मला तोडकऱ्यांचा मुकादम केलं ते माझ्याकडं बघून नव्हे, स्वस्त होतो म्हणून. पहिल्या हंगामात मी आतला बांबू आधी काढायला लावला तर दिवसाकाठी निम्म्या काठ्या पडायला लागल्या. मजुरी काठीवर. माणसं खवळली. एका सकाळी चौघांनी मला शेडच्या मागं धरलं, दात पाडला, तोंडात माती कोंबली. मी उलटून मारलं नाही. शूर म्हणून नव्हे, भित्रा म्हणून. मला एवढंच कळलं की मी मारलं तर उद्या यांच्या दारात जायचं धैर्य माझ्यात नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पहिला बेटात शिरलो, आतल्या काठ्या काढून बाहेर फेकल्या आणि त्यांना म्हटलं, या तुमच्या मोजणीत घ्या. महिनाभर असं केलं. मॅनेजर साहेब काढूनच टाकणार होते, म्हणाले, चिंतू, तू कंपनी बुडवणार. तिसऱ्या वर्षी शेजारच्या भागातली बेटं कोंदून कोंबच देईनात आणि माझ्या भागातली दाटून आली, तेव्हा साहेबांनी सगळा मळा माझ्याकडं दिला.

आता दर वर्षी कॉलेजची मुलं येतात, धंदा कसा चालवावा ते शिकणारी. वही घेऊन बेटाभोवती उभी राहतात. साहेब त्यांना सांगतात, आज हाताला लागतं ते सगळं घेतलं तर उद्या काही उगवत नाही. बरोबरच आहे ते. मी त्यांना माझ्या भाषेत सांगतो की जे सहज हाताशी येतं तेच राखायचं असतं, आणि जे घेताना अंग सोलतं ते घ्यायचं असतं; ऑर्डरची घाई असली की माणूस नेमकं उलटं करतो. मागच्या खेपेला एका मुलीनं विचारलं, ‘‘काका, हा नियम लोक का पाळायचे? तोडला तर काय व्हायचं?’’ मी बाही वर करून मनगट दाखवलं. मुलं हसली, त्यांना गंमत वाटली. मीही हसलो. राखणाऱ्या माणसाला एक तर मार द्यावा लागतो, नाही तर खावा लागतो, हे त्यांच्या वहीत कुणी लिहिलं नाही. आणि दिलेला मार बांधायला स्वतः चालत जावं लागतं, हे तर मीच सांगितलं नाही.

यंदा नवरात्राच्या मांडवांसाठी ठेकेदाराला सरळ, हिरव्या काठ्या हव्या होत्या. वाघबारशीपर्यंत थांबायला त्याला वेळ नव्हता. काळूनं वाडीवरची बारा माणसं ठरवली, काशा त्यांत होता, आणि काठ्या वाहायला चार बाया, त्यांत पारूवहिनी. ती स्वतः म्हणते, मी काही पुण्य करायला गेली नव्हती भावजी, रोजावर गेली होती. चार बेटं कडेनं उतरवून झाली तेव्हा सोमीबाय वर आली. सत्तरीची बाई, गुडघे धरलेले. ती नेहमीसारखीच आली, कोयता काढूनच. काशाच्या खांद्यावर कोयत्याची पाठ घातली, तो कोलमडला. दुसऱ्याला मारली, त्याचा कान फाटला. माणसं मागं सरली, म्हातारीपुढं कोयते टाकून उभी राहिली. मग ती काळूकडं वळली. त्याच्या डाव्या हातात नुकती तोडलेली काठी होती.

पारूवहिनीनं ठाण्यात जबाब दिला तो मी तिच्याच शब्दांत लिहितो. ‘‘पहिला फटका त्यानं भिऊन मारला. दुसरा भिऊन नाय मारला.’’ आणि मधे काय झालं, तेही तिनं सांगितलं. पहिल्या फटक्यानं सोमीबाय बसली. तिनं वर बघितलं, कोयता खाली टाकला आणि काळूचा उजवा, वाकडा हात धरायला आपला हात पुढं केला. काळूला वाटलं, परत धरते. त्यानं दुसरा मारला.

जीपमध्ये ती मला याच हाताबद्दल बोलली.  माझ्या ‘जेवलीस का’नंतर फोनमध्ये श्वास, इंजिनाचा आवाज, कुणीतरी रडत होतं. मग म्हणाली, ‘‘काळ्याचा हात बांधायचा ऱ्हाला रं.’’

दोन दिवस गाड्या बदलत मी सुनीला घेऊन पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. काळू कोठडीत होता. मी जव्हारपर्यंत गेलो, दारासमोरच्या टपरीवर दोन तास बसलो, तीन चहा प्यायलो आणि परत आलो. त्या दिवशी तू दिवसभर बसलास ते तिला मी कळवलंच नाही, हे त्याला सांगायचं होतं. हिंमत झाली नाही. ते माझं बांधायचं राहिलेलं आहे, आणि त्यासाठी मलाच त्याच्यापुढं जावं लागेल, बोलावणं धाडून चालणार नाही. एवढं लिहिलं म्हणजे पळून जाणं जरा अवघड होईल, म्हणूनही लिहितो.

सुट्टी संपली, मी इकडं परत आलो. पारूवहिनीनं मात्र त्याआधीच घर सोडलं होतं. काशानं तिला सांगितलं होतं, जबाब फिरव, म्हातारी घसरून पडली म्हण. तिनं नकार दिला तेव्हा त्यानं तिला पट्ट्यानं मारलं. पाठ उघडी करून तिनं मला ते वळ दाखवले नाहीत, सुनीला दाखवले. त्याच दिवशी आपली गोधडी घेऊन ती सोमीबायच्या खोपीत राहायला गेली. ठेकेदाराची माणसं एकदा येऊन गेली, दगड मारून गेली. एक तिच्या भुवईवर बसला. वाडीवरचे तिला म्हणतात, तुझ्या बापाचा डोंगर आहे का? वरच्या पाड्यावरचे म्हणतात, तू आमची कोण? दोन्हीकडनं ऐकते आणि बसून राहते. भातकापणीचा रोज बुडाला, दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या टोळीतनं तिचं नाव कापलं गेलं.

सोमीबायची बसायची एक जागा होती, सगळ्यात वरच्या बेटाला लागून. बेटाकडं पाठ आणि पायवाटेकडं तोंड, असं ती बसायची. तिच्या बसण्यानं तिथली माती गुळगुळीत होऊन खोलगट झाली आहे. वहिनी आता तिथं बसते. परवा म्हणाली, म्हातारी बारीक होती, मला ती जागा पुरत नाय, मांड्या बाहेर राहतात. पहिल्यांदाच तिला हसताना ऐकलं.

तिचा फोन दुपारी येतो, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. काठीचं वय सोमीबाय ठोकून ओळखायची, बोटाच्या पेरानं, कान जवळ नेऊन. कोवळी काठी ओली बोलते, दबकी. तिसऱ्या वर्षाची खणखणीत. मरायला आलेली फुटक्या मडक्यासारखी. वहिनीला ते येत नाही. म्हणून ती फोन काठीला टेकवते, ठोकते आणि विचारते, ‘‘ही?’’ मी डबा बाजूला ठेवून डोळे मिटतो. राहू दे, म्हणतो. मग पुढची. ही घे. जी घ्यायची तिला ती चुन्याचं बोट लावते. सात बेटांतली चार अशी ठोकून झाली आहेत, तीन राहिलीत. हुबळीच्या पुढं शेडच्या सावलीत बसून मी आमचा डोंगर कानानं मोजतो आणि शेजारचे तोडकरी मला वेडा समजतात. कधी कधी दोन ठोक्यांच्या मधे वहिनी थांबते, पायवाटेवर कुणी आलं की काय ते बघते... तेवढा वेळ मी फोन कानाला दाबून धरतो. मग परत ठोका येतो.

मला भीती वाटते. काशा माझा भाऊ आहे, त्याचा राग मला माहीत आहे. साहेबांनी रजा देईन असं अजून म्हटलेलं नाही. पण वहिनी, वाघबारशीच्या आदल्या दिवशी मी मोखाड्याला उतरतो. पहिली काठी कोणती ते तू दाखव, कारण राखण तू केलीस. आत मी शिरेन. कुणी हात उगारला तर तो आधी माझ्यावर पडेल, मी मधनं हलणार नाही. तू त्या दिवशी जे केलंस त्याची बरोबरी याच्यानं होणार नाही, हे मला कळतं. काळूचं राहिलेलंही मी कधी ना कधी फेडीन. तोवर ती तीन बेटं ठोकून घेऊ. उद्या दुपारी फोन कर.